षष्ठीतले शहर

१९ जून २००४ च्या रात्री साडेनऊ वाजता आमच्या घरी दूरचित्रवाणीवर जर्मनी विरुद्ध लॅटव्हिया हा युरो स्पर्धेतला सामना सुरू झाला, तेव्हा घरातल्या चौघांपैकी तिघांना लॅटव्हिया नावाचा देश असतो हे नव्यानेच कळत होते आणि चौथ्याला, म्हणजे मला, तो नकाशावर नेमका कुठे दाखवायचा हे सांगता आले नसते. बाहेर पाऊस लागलेला होता आणि वीज जाईल की राहील याची चिंता जर्मनीच्या निकालापेक्षा मोठी होती. पोर्तो शहरातला तो सामना अखेर गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यातला एक क्षण मात्र माझ्या डोळ्यांसमोर अजूनही जसाच्या तसा उभा राहतो. लॅटव्हियाच्या एका चणीने लहान, पण कमालीच्या चपळ आघाडीपटूने मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेतला, जर्मन बचावपटूंना एकामागून एक मागे टाकत तो थेट जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानपर्यंत पोहोचला आणि त्याचा फटका कानने अडवला. बाबा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "हा पोरगा कुठला?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. तो लिएपायाचा होता.

मारिस वेरपाकोव्स्किस हे त्याचे नाव. नोकरीच्या निमित्ताने मी लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगामध्ये राहायला गेलो तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात, त्या जुन्या प्रश्नाची आठवण ठेवून, लिएपायाची बस पकडली. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत, वेळ साडेतीन तास. वाटेत पाइन आणि बर्च यांची रांग, मध्येच मोहरीसारखी पिवळीधमक शेते, आणि शेवटी बाल्टिक समुद्र. लॅटव्हियन लोक या गावाला 'वारा जिथे जन्मतो ते शहर' म्हणतात. पर्यटन खात्याची कविता म्हणून मी ते हसण्यावारी नेले होते, पण बसमधून उतरताच हातातला नकाशा उडून गेला आणि पुढचे दोन दिवस मी टोपी खिशातच ठेवली. 'लिएपा' म्हणजे लिंडन वृक्ष, आणि शहराच्या राजचिन्हावर सिंहाने लिंडनलाच पंजे टेकवलेले आहेत. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. १९८९ साली ती एक लाख चौदा हजारांच्या घरात होती. या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत शहराचा अलीकडचा इतिहास मावतो, आणि फुटबॉलचाही.

लॅटव्हियात फुटबॉलचा विचार करताना रिगाचे आकारमान आधी ध्यानात घ्यावे लागते. देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस राजधानीत राहतो. बँका, विद्यापीठे, वर्तमानपत्रे आणि पैसा हे सगळे तिथेच. असे असूनही पहिल्या महायुद्धानंतर देश स्वतंत्र झाला आणि १९२२ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा रिगाला आव्हान देणारा एकच क्लब सबंध देशात निघाला, आणि तो लिएपायाचा होता. त्याचे नाव ऑलिंपिया. १९२७, १९२८ आणि १९२९ अशी सलग तीन वर्षे, मग १९३३ आणि १९३६, आणि युद्धाच्या तोंडावर १९३७-३८ व १९३८-३९ असे दोन हंगाम. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ऑलिंपियाने सात विजेतेपदे मिळवली. रिगाच्या आरएफके या क्लबकडे आठ होती. उरलेली सगळी रिगातल्याच इतर क्लबांकडे. बंदराच्या गावात खेळ जहाजातून उतरतो हे आपण मुंबई-कोलकात्यावरून जाणतो, आणि लिएपायाचे बंदर हिवाळ्यातही न गोठणारे. झारच्या काळात १९०६ पासून इथून थेट न्यू यॉर्कला आगबोटी सुटत असत आणि हजारो माणसे याच धक्क्यावरून कायमची देश सोडून गेली. रशियन नौदलाने शहराच्या उत्तरेला कारोस्ता नावाची वेगळी लष्करी नगरीच उभारली होती. १९१९ साली तर काही महिने लॅटव्हियाचे तात्पुरते सरकार याच बंदरात 'साराटोव्ह' नावाच्या जहाजावरून चालत होते. अशा गावाला आपण राजधानीपेक्षा कमी आहोत असे वाटत नसले, तर त्यात नवल नाही.

१९४० साली सोव्हिएत फौजा आल्या आणि ऑलिंपिया संपला. नंतर जर्मन आले. १९४१ च्या डिसेंबरात शहराच्या उत्तरेकडच्या श्केदे येथील वाळूच्या टेकड्यांत अवघ्या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक ज्यू माणसांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. तो किनारा आज अतिशय शांत आणि सुंदर आहे, आणि तिथे उभे राहिल्यावर फुटबॉलच्या विजेतेपदांची यादी मनात आणणे अवघड जाते. मी ती तिथे आणली नाही.

युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला, पण आता प्रत्येक संघाला पोशिंदा लागत होता, आणि तो संघटना, खाते किंवा कारखाना यांपैकीच असायचा. १९४६ आणि १९४७ साली लॅटव्हियन सोव्हिएत प्रजासत्ताकाचे विजेतेपद लिएपायाच्या 'दौगावा' संघाकडे गेले; दौगावा ही मुळात नदी, आणि तीही रिगातून वाहणारी. त्यानंतर 'सार्कानाइस मेतालुर्ग्स' आला, म्हणजे 'लाल धातुकामगार', आणि १९५० च्या दशकात त्याने प्रजासत्ताकाची विजेतेपदे पुन्हा पुन्हा लिएपायाला आणली. पुढच्या काळात संघ 'झ्वेयनिएक्स' या नावाने ओळखला जाऊ लागला, म्हणजे 'मच्छीमार', कारण आता मासेमारी उद्योगाने त्याला दत्तक घेतले होते. कारोस्ता सोव्हिएत बाल्टिक नौदलाचा तळ झाला, शहर परक्यांसाठी बंद झाले, आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनासुद्धा आत येण्यासाठी परवाना लागू लागला. समुद्र समोर, आणि त्याच्याकडे पाहायला पास हवा. मैदानावर मात्र मच्छीमार खेळत होते.

स्वातंत्र्य परत आल्यावर नावांची ही मालिका थांबेल असे वाटावे, पण झाले उलटेच. जुन्या अभिमानाने ऑलिंपियाचे नाव परत आले, टिकले नाही. १९९५ साली संघ 'डाग-लिएपाया' या नावाने खेळला, १९९६ साली 'बाल्टिका लिएपाया' या नावाने. शहराची घसरण त्याच वेगाने चालू होती. रशियन सैन्य १९९४ मध्ये गेले आणि त्यांच्यामागे कारोस्ताच्या इमारती खिडक्या-दारांशिवाय उभ्या राहिल्या. माणसे कामासाठी रिगाला, आणि पुढे आयर्लंड-इंग्लंडला जाऊ लागली. अशा वेळी १९९७ साली शहरातल्या सर्वांत मोठ्या कारखान्याने संघ हाती घेतला आणि नाव ठेवले 'लिएपायास मेतालुर्ग्स'.

या नावाशी मी थोडा थांबतो, कारण लॅटव्हियन शिकताना मला विभक्ती पहिल्यांदा याच नावातून समजली. 'लिएपाया' हे शहराचे नाव प्रथमेत. शेवटी 'स' लागला की ती षष्ठी होते. 'लिएपायास मेतालुर्ग्स' म्हणजे लिएपायाचा धातुकामगार. मराठी माणसाला हे पटकन उमजते, कारण आपल्याकडेही 'चा-ची-चे' लागताच नामाचे रूप बदलते आणि वाक्य पुढच्या शब्दाची वाट पाहू लागते. शहर इथे विशेषणासारखे उभे आहे. कर्ता कारखाना आहे. माझ्या लॅटव्हियन शिकवणीच्या बाईंना मी हे निरीक्षण सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की व्याकरण शिकण्याचा हा मार्ग पुस्तकात नाही, आणि मला त्या धड्यात सगळ्या षष्ठ्या पुन्हा लिहायला लावल्या.

कारखाना जुना होता. १८८२ साली बेकर कंपनी म्हणून सुरू झालेला, तारा आणि खिळे बनवणारा; सोव्हिएत काळात त्याचेच नाव 'लाल मेतालुर्ग्स'. संघाचे जुने आणि नवे नाव एकाच फाटकातून बाहेर पडले होते. १९९७ च्या सुमारास तिथे मुख्यतः भंगार वितळवून बांधकामाच्या सळया ओढल्या जात. आपल्याकडच्या जालन्याच्या स्टील कारखान्यांत जो माल तयार होतो, साधारण तोच. तिथल्या भट्ट्या जुन्या उघड्या पद्धतीच्या होत्या, धूर फार, पण सळयांना गिऱ्हाईक होते आणि कारखान्याने फुटबॉलबरोबर आइस हॉकीचाही संघ पोसला. शहरातल्या कित्येक घरांत एक माणूस भट्टीवर, एक मुलगा मैदानावर आणि दुसरा बर्फावर अशी वाटणी होती.

या संघाच्या वाट्याला अनेक वर्षे जे आले, ते दुसरे स्थान. रिगाचा स्कोंटो १९९१ पासून जिंकत होता आणि थांबायचे नाव घेत नव्हता. १९९८ पासून मेतालुर्ग्स पुन्हा पुन्हा त्याच्या मागे उभा राहिला. स्कोंटोने २००४ पर्यंत सलग चौदा विजेतेपदे मिळवली. चौदा वर्षे म्हणजे पहिलीला गेलेले मूल पदवीच्या दारात पोहोचण्याइतका काळ. या काळात वाढलेल्या लॅटव्हियन मुलांना विजेता म्हणजे स्कोंटो हे ऋतुचक्राइतके निश्चित वाटत असणार. २००५ साली बेनियामिनास झेल्केविचिउस या लिथुआनियन प्रशिक्षकाच्या हाताखाली लिएपायास मेतालुर्ग्सने ती साखळी तोडली. आघाडीवर विक्टोर्स दोब्रेत्सोव्स होता, गोल करण्याच्या बाबतीत गवंड्यासारखा पद्धतशीर माणूस. स्वतंत्र लॅटव्हियात रिगाबाहेर पहिले विजेतेपद नेण्याचा मान ऑलिंपियाने १९२७ मध्ये मिळवला होता, आणि दुसऱ्या स्वातंत्र्यात तोच मान पुन्हा त्याच गावाला मिळाला. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत नावे किती बदलली ते वर आलेच आहे. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्यांनी कझाकस्तानच्या अक्तोबेला हरवले आणि मग दिनामो कीव्हकडून दोन सामन्यांत आठ गोल खाल्ले. बाल्टिक विजेत्याच्या हाती युरोपातून साधारण इतकेच लागते.

वेरपाकोव्स्किस तोवर दूर गेलेला होता. लिएपायात जन्मलेला, मेतालुर्ग्समध्ये सुरुवात केलेला हा खेळाडू स्कोंटोने रिगाला नेला, आणि गावाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी तो जिंकू लागला. युरोच्या पात्रता फेरीत, २००३ च्या ऑक्टोबरात, स्टॉकहोममध्ये त्याच्या एकमेव गोलवर लॅटव्हियाने स्वीडनला हरवले. नोव्हेंबरात तुर्कस्तान समोर होते, जे आदल्या वर्षीच विश्वचषकात तिसरे आले होते. रिगातला एकमेव गोल त्याचा, आणि इस्तंबूलमध्ये दोन गोलांनी मागे पडल्यावर बरोबरी साधणारा दुसरा गोलही त्याचाच. युरो स्पर्धेत चेक प्रजासत्ताकाविरुद्धचा गोल त्याने केला, आणि त्या स्पर्धेत लॅटव्हियाने केलेला तो एकमेव गोल होता. देशासाठी त्याचे २९ गोल झाले. इतक्या लहान गावाने राजधानीला इतके द्यावे आणि राजधानीने ते स्वतःचे म्हणून मिरवावे, ही तक्रार लिएपायाच्या मनात असणार असा माझा तर्क होता. तिथे गेल्यावर दिसले ते वेगळेच. मी वेरपाकोव्स्किसचे नाव काढताच भाड्याने खोली देणाऱ्या काकूंनी तो कुठल्या रस्त्यावर लहानाचा मोठा झाला याची तीन वेगवेगळी ठिकाणे तीन वेळा सांगितली. समोर वाफाळती बशी होती: धुरावलेला कॉड मासा, बटाटा, कांदा आणि साय मातीच्या भांड्यात एकत्र शिजवलेले, या गावाची खासियत. तिसऱ्या पत्त्यापर्यंत मी भांडे पुसून खाल्ले होते.

२००९ साली आणखी एक विजेतेपद आले. प्रशिक्षक जर्मन होता, रुडिगर आब्रामचिक, आणि क्रिस्ताप्स ग्रेबिसने त्या हंगामात तीस गोल केले. जगाच्या आर्थिक संकटात लॅटव्हियाची अर्थव्यवस्था त्याच वर्षी युरोपातल्या सर्वांत जास्त आक्रसलेल्यांपैकी एक ठरली. पगार कापले जात होते, दवाखाने बंद होत होते, आणि सळया बनवणाऱ्या गावाचा संघ देशात पहिला आला. बांधकामे थांबली की सळई कोण घेणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला असणार. कारखान्याने मात्र पुढचे पाऊल टाकले होते. सरकारची हमी असलेल्या मोठ्या कर्जावर त्याने जुन्या भट्ट्यांच्या जागी विजेवर चालणारी नवी भट्टी बसवली, आणि ती २०११ मध्ये पेटली. वीज महाग निघाली, पोलादाचा भाव पडला, मालक-भागधारकांत वाद झाले, हप्ते थकले. २०१३ साली कारखाना दिवाळखोरीत गेला आणि कर्जाची परतफेड सरकारी तिजोरीतून झाली. पुढे एका युक्रेनियन कंपनीने तो घेतला, २०१५ मध्ये भट्टी पुन्हा पेटवली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा विझली. फुटबॉल संघ त्याच्या कितीतरी आधी, २०१३ चा हंगाम संपताच बंद झाला होता. आइस हॉकीचा संघही त्याच सुमारास नाव बदलून वेगळा झाला.

ही कथा आपल्याकडे कुणाला परकी वाटू नये. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. बातमी वाचली तेव्हा मला त्याची चीड आली होती, आणि आता वाटते की चीड येण्याचा हक्क मला नव्हता, कारण मी त्यांच्या एकाही सामन्याला गेलो नव्हतो. कोल्हापुरात मात्र पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ पेठेच्या आणि तालमीच्या नावाने खेळतात, आणि त्यांना बंद करणारा मालक कुणी नाही. पेठ बंद पडत नाही.

लिएपायाला ही गोष्ट २०१४ मध्ये उमगली, किंवा उमगण्यावाचून इलाज उरला नाही. पालिका आणि काही स्थानिक मंडळींनी नवा क्लब उभा केला आणि त्याचे नाव ठेवले फक्त 'लिएपाया'. षष्ठी गेली, प्रथमा आली. वेरपाकोव्स्किसने कारकिर्दीचा शेवट इथे केला आणि पुढे क्लबच्या कारभारातही लक्ष घातले. २०१५ मध्ये, स्थापनेनंतरच्या दुसऱ्याच हंगामात, या संघाने देशाचे विजेतेपद जिंकले. प्रशिक्षक होता विक्टोर्स दोब्रेत्सोव्स, दहा वर्षांपूर्वी स्कोंटोची साखळी तुटली तेव्हा आघाडीवर खेळणारा तोच. लॅटव्हियन चषक २०१७ आणि २०२० मध्ये आला. आकडेवारी ठेवणारे लोक या क्लबला मेतालुर्ग्सची विजेतेपदे देत नाहीत, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे: कंपनी वेगळी, नोंदणी वेगळी. कागदावर दोन क्लब, गावात एक. मला विचाराल तर मी गावाच्या बाजूने, पण मग १९२७ च्या ऑलिंपियाचे काय करायचे हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर गावातल्या लोकांकडेही एकमताने नाही.

इतर शहरांचे काय झाले ते पाहिले की या प्रथमेचे मोल कळते. २०१५ ला दुसरा आलेला स्कोंटो पुढच्या वर्षी परवाना नाकारला जाऊन खालच्या विभागात गेला आणि २०१६ च्या डिसेंबरात दिवाळखोर ठरला. किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या व्हेंट्सपिल्सचा क्लब युरोपा लीगच्या गटफेरीपर्यंत पोहोचलेला, देशाचा सहा वेळचा विजेता. २०२१ मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्यावर सात वर्षांची बंदी घातली आणि तो साखळीतून बाहेर पडला. चार वेळा चषक जिंकलेला येल्गावाचा जुना क्लब उरला नाही. २०२२ चा विजेता वाल्मिएरा २०२५ च्या हंगामात सर्वोच्च विभागात नव्हता. लॅटव्हियात छोट्या गावाचा क्लब विजेता होतो आणि मग त्याचा हिशेब लागतो, असा क्रम दिसतो. लिएपाया अजून खेळत आहे.

मी पाहिलेला सामना एका वसंतातल्या शनिवारचा होता. दौगावा स्टेडियम समुद्रकिनाऱ्यालगतच्या उद्यानापासून लांब नाही आणि वारा गोलरक्षकाच्या प्रत्येक किकचे निर्णय स्वतः घेत होता. एकदा तर त्याने मारलेला चेंडू अर्ध्या वाटेवर थांबला, वर पाहत राहिला आणि मागे आला. प्रेक्षक हजारभर असावेत. माझ्या शेजारी सत्तरीतले एक आजोबा बसले होते, कोटाची बटणे गळ्यापर्यंत, हातात सूर्यफुलाच्या बियांची कागदी पुडी. टरफले ते खिशात टाकत होते, कारण आसनाखाली टाकली असती तर वाऱ्याने ती पुढच्या रांगेतल्या बाईंच्या केसांत नेऊन घातली असती. त्यांच्या गळ्यात विणलेला जुना स्कार्फ होता. त्याचे एक टोक कोटाच्या आत खोचलेले होते, आणि बाहेर लोंबणाऱ्या टोकावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द वाचता येत होता: 'लिएपायास'. लिएपायाचा. पुढचा शब्द कोटाच्या आत होता. मध्यंतराला त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली, मी चार बिया घेतल्या, आणि वारा वाढला तसे त्यांनी ते टोकही आत खोचून घेतले.